सेमिसीची अर्धी गाडी

माझा जन्म इचलकरंजीचा, वडिलांचं पाट्या आणि नंबरप्लेट रंगवायचं दुकान होतं, आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, म्हणून ब्रश माझ्या हातात आला असं नातेवाईक म्हणायचे, पण तसं काही नव्हतं, धाकट्या दोघींना ऑइलपेंटच्या वासाने मळमळायचं आणि मला नाही, एवढंच कारण. अण्णा सांगायचे, शुभा, रेघ ओढताना मध्ये थांबू नकोस, थांबलीस की तिथे गाठ पडते. पुढे फ्लेक्स आले आणि दुकान बसलं, ते सगळीकडेच झालं, त्याचं रडगाणं नको. मी चित्रकलेचा डिप्लोमा केला, शाळेत शिकवलं, लग्न झालं. प्रकाश मरीन इंजिनिअर, त्याला सिंगापूरला तुआसच्या शिपयार्डात नोकरी लागली आणि आम्ही टॅम्पिनीसला या फ्लॅटमध्ये आलो.

इथे आल्यावर बायकांचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू, तुम्हीही तशाच आलात, नवऱ्याच्या नोकरीच्या पासवर आपला राहायचा पास, सकाळी मी कामांची यादी करायची आणि अकरा वाजता यादी संपून जायची, मग बसा. एकदा प्रकाशचं हेल्मेट रंगवून घ्यायला आंग मो किओला गेलो, तिथे गाड्यांची गॅरेजं आहेत ओळीने, त्यातल्या एकात अंकल को म्हणून चिनी म्हातारे मोटारसायकलच्या टाकीवर रेघ ओढत होते आणि हात थरथरत होता. मी म्हटलं, मी ओढू का. ते म्हणाले, यू? कॅन मेह? मी ओढली. त्यांनी चष्मा लावून पाहिली, मग काढून पाहिली, आणि प्रकाशला म्हणाले, युवर वाइफ घरी काय करते, चपात्या? वेस्ट लाह. रीतसर परवानगी काढली आणि मी कामाला लागले. हेल्मेटं, टाक्या, प्रदर्शनातल्या गाड्यांची बॉनेटं. रस्त्यावरच्या गाड्या कमीच, इथे गाडी दहा वर्षांत भंगारात जाते, तिच्यावर नक्षी कोण काढून घेणार.

मग सेमिसी आला. सामोआचा माणूस, बंदरात टगबोटीवर इंजिनिअर, दारातून आत यायचा तेव्हा आत अंधार व्हायचा एवढा मोठा, आणि आवाज मात्र असा की पुढे झुकून ऐकावं. त्याची गाडी हॉट रॉड, म्हणजे कसं, जुन्या जमान्यातल्या गाडीचा सांगाडा घ्यायचा, टप कापून बुटकं करायचं, इंजिन उघडं ठेवायचं. इथल्या रस्त्यावर ती चालवायला मिळणार नव्हती, ते त्याला माहीत होतं. रंगवून झाली की भावाकडे ऑकलंडला पाठवायची होती.

अंकलनी इंटरनेटवरून डिझाइनं काढून ठेवली होती, पॉलिनेशियन म्हणून जे सापडेल ते, कासवं, भाले, देवांचे मुखवटे, मागे ज्वाळा. सेमिसी हसायला लागला. म्हणाला, अंकल, हे कसं आहे माहीत आहे का, दाराला चिनी नववर्षाचा लाल कागद, त्यावर ख्रिसमसचा म्हातारा आणि खाली ईद मुबारक. अंकल म्हणाले, सो? सिंगापूर वॉट, म्हणजे इथे सगळं असंच. आम्ही तिघंही हसलो. मग सेमिसीने त्याच्या मामाशी फोनवर बोलून विचारलं, गाडीवर काय चालेल, काय फक्त माणसाच्या अंगावर, गोंदणातच राहिलं पाहिजे, आणि जे चालेल ते मला कागदावर काढून दाखवलं. होडी, पक्ष्यांच्या पायांच्या ओळी, घराच्या वाशांसारख्या बारीक समांतर रेघा, आणि गोम. मी म्हटलं, गोम? आमच्याकडे गोम दिसली की चप्पल शोधतात. तो म्हणाला, सिस्टर, माझी आईपण तेच करते.

करड्या रंगावर काळं काम. मुखवटे नाहीत, ज्वाळा नाहीत, नुसत्या रेघा, इतक्या जवळ जवळ की मधली करडी फट पण रेघच वाटावी. मी आयुष्यात एवढं चांगलं काम केलं नव्हतं, हे मी फुशारकीने सांगत नाही, बाकीचं काम कसं होतं ते मला माहीत आहे म्हणून सांगते. डावी बाजू झाली, टप झालं.

आणि तुआसला काम आटलं. तेलाचे भाव पडले, समुद्रातल्या रिगच्या ऑर्डरी थांबल्या, आधी कंत्राटी मुलं गेली, मग प्रकाशच्या हाताखालचे, मग प्रकाश. त्याने मला घरी येऊन सांगितलं नाही, एमआरटीच्या स्टेशनवर बोलावलं, बाकावर बसवलं आणि सांगितलं, लेकीसमोर, मुक्तासमोर नको म्हणून. त्याचा पास गेला की माझा गेला, मुक्ताचा गेला. अंकलनी माझ्यासाठी वेगळा पास मागून पाहिला, तेवढी आशा होती, तेवढ्यावर मी दोन आठवडे वागले जणू काही झालंच नाही. नाही म्हणून उत्तर आलं. अंकल त्या कागदाला चिनीत काहीतरी बोलले, मी अर्थ विचारला नाही.

सेमिसीला मी स्वतः सांगितलं. म्हटलं, मला जमेल तेवढं करते, उरलेलं इथला आ हुआत करेल, तो दहा वर्षं अंकलकडे आहे, हात चांगला आहे. त्याने चड्डीची एक बाजू वर केली. कमरेकडून खाली मांडी गोंदलेली, तेच वासे, तीच गोम, आणि गुडघ्याच्या बरंच वर मध्येच बंद. नुसती कातडी. म्हणाला, आमच्यात हे कमरेपासून गुडघ्यापर्यंत पुरं करायचं असतं, शेवटचं बेंबीपाशी. ज्याने सुरू केलं त्यानेच संपवायचं. मला दुखणं सोसलं नाही, मी उठून गेलो. अर्धवट गोंदलेल्याला आमच्यात नाव आहे, आणि ते नाव माझ्या वडिलांनी गावात ऐकलं. ते गेले तेव्हा मी बोटीवर होतो. गाडी तरी पुरी करायची होती, सिस्टर.

मी घरी आले आणि हिशोब मांडला, राहिलेले दिवस आणि राहिलेल्या रेघा. कुठूनही मांडला तरी उजवी बाजू बसत नव्हती. तरी गेले. प्रकाश इथे खोकी बांधायचा आणि मी तिथे. घाई केली की हात सांगतो, ओली रेघ मनगटाने फिसकटली, पुसायला गेले तर शेजारची गेली. अंकल म्हणाले, गो होम, शुभा. नॉट लाइक धिस.

मग सेमिसी आला, गाडीभोवती फिरला. डावीकडून पाहिलं तर पुरी, उजवीकडून पाहिलं तर एक होडी आणि पुढे काही नाही. म्हणाला, काढून टाक. अंकल म्हणाले, अय्यो, आर यू मॅड, डावी बाजू बघ. तो म्हणाला, बघितली. ती बघितली म्हणूनच. अर्धी मी भावाला पाठवणार नाही. कोरी पाठवेन. मी म्हटलं, मी काढते, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि तो हसला, खरंच हसला, म्हणाला, गाडीचं बरं आहे, तिला कागदाने घासता येतं.

पाणी घेतलं, रंग घासायचा वॉटर पेपर घेतला, आणि घासलं. काळं पाणी खाली वाहत होतं. आधी गोम गेली, मग पक्ष्यांचे पाय, मग वासे. काढायला वेळ लागला असता तर मला बरं वाटलं असतं, पण दुपारच्या जेवणापर्यंत टपसुद्धा झालं होतं. सेमिसी बादली बदलत होता. नंतर अंकलनी सगळ्या गाडीवर राखाडी प्रायमर मारला, अगदी सफाईने मारला.

हे मागच्या आठवड्यातलं. आता बघा, फ्रिज विकला, पलंग उद्या जाईल. मुक्ता इंग्रजीतच रडते आणि इंग्रजीतच मला समजावते, इट्स ओके लाह, आई. प्रकाश म्हणतो पनवेलला राहू, तू चित्रकलेचा क्लास काढ, मी हो म्हणते. काढेनही. ब्रश मी आ हुआतला देऊन आले, वापरात राहिला नाही तर केस झडतात.

गाडी अजून तिथेच आहे, जहाज मिळायचं आहे. ऑकलंडला कोणीतरी भेटेल सेमिसीला, त्यांच्यातला, त्यांची भाषा बोलणारा. माझं काही म्हणणं नाही. कोणी का रंगवेना, पुरी रंगवो.