घळीवर माझा पहारा

नाही, पण मी म्हणते, एवढं अ‍ॅरिझोनाचं वाळवंट उताणं पडलंय, त्यात या माणसाला फोटो काढायला आमच्या मावशीचीच घळ सापडावी? गाडीतून उतरला तोच म्हणाला, "वा, काय शांतता आहे हो इथे!" मला तेव्हाच संशय आला. शांततेचं कौतुक करणारा माणूस आज एकटा येतो, उद्या बस भरून आणतो!

तुम्हाला सांगते, पलीकडच्या बेडोनींची घळ अशीच गेली. एक फोटो, एकच, नेटवर पडला... आता तिथे रांग लागते, माणसं लाल भिंतीला गाल लावून हसतात आणि बेडोनींच्या मेंढ्या बिचाऱ्या पाण्यासाठी वणवण फिरतात. आमच्या घळीतल्या डबक्यावर व्हर्ना मावशीच्या मेंढ्या जगतात हो! म्हणून बॉस्टनहून पर्यावरण शिकून आल्या आल्या मी शपथ घेतली, की या घळीचा पत्ता जगाला कळू देणार नाही. मावशीनं शपथ ऐकली, म्हणाली, "बरं. आधी मेंढ्यांना पाणी दाखवून आण."

आणि या फोटोवाल्या ग्रॅहमला आत सोडलं कुणी? मावशीनंच! वाळूत रुतलेली तिची गाडी त्यानं ढकलून दिली म्हणून! "अगं डेल्फीन, माणूस सरळ आहे. जागेचं नाव कुठे देणार नाही म्हणालाय." म्हणालाय! मी म्हटलं, मीही येते. मग मावशी आली, मावसबहीण रोशेल आली आणि पाठीवर घ्यायच्या लाकडी पाळण्यात बांधलेलं तिचं बाळही आलं.

आता त्या बाळाचं वेगळंच प्रकरण. आम्हा इथल्या आदिवासींत बाळाला पहिल्यांदा जो हसवतो, त्यानं सगळ्या गोतावळ्याला जेवण घालायचं आणि बाळाच्या हातून मीठ वाटायचं. मान मोठा, मान्य! पण गोतावळाही मोठा! त्यामुळे घरात सगळे दगडी चेहऱ्यानं वावरतायत. बाळानं ओठ जरा हलवले की लेलंड मामा थेट अंगणात! मलाही रोशेलनं बजावलेलं, "तू लांबच राहा गं बाई, तुला अजून नोकरी नाही."

तर घळीत आम्ही. वरच्या फटीतून उजेड उतरला, भिंती नारिंगी झाल्या, खाली जांभळ्या झाल्या, आणि ग्रॅहमनं तिवईवर कॅमेरा बसवून हळूच मूठभर वाळू उचलली. मला तेव्हाच संशय आला. वाळू कशाला? नमुना नेतो की काय? "उजेडाची तिरीप दिसावी म्हणून उडवतोय," म्हणे! मी हात पसरून कॅमेऱ्यापुढे उडी मारली, त्याच क्षणी त्यानं वाळू उडवली, आणि ती सगळी, तुम्हाला सांगते, सगळीच्या सगळी माझ्या उघड्या तोंडात! "थू! थूऽऽ! आक्छी!"

आणि पाळण्यातून आवाज आला... खळखळून!

"हसला!" रोशेल किंचाळली. "हसला गं!"

मी म्हटलं, "वाळू यानं टाकली! जेवण यानं घालायचं!"

मावशीनं शांतपणे विचारलं, "बाळ कुणाकडे बघत होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. ग्रॅहमनंसुद्धा! परका माणूस, पण रीत लगेच कळली!

बरं, त्याचं पुढे काय? कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाला, "प्रत्येक फोटोत तुम्हीच हात पसरून आहात. तुम्हीच पुसून टाका." मी पुसले, आणि तो कॅमेरा घेऊन निघून गेला. एक फोटो नाही, पत्ता नाही, काही नाही! जिंकले ना मी? तर घरी आल्यावर मावशी म्हणते, "हसला तिथेच जेवण करायचं. घळ आपल्या माणसांपासून कशाला लपवायची?" लेलंड मामाचा आनंद तर विचारूच नका, सुटला होता ना बिचारा! त्यानं रातोरात नेटवर आमंत्रण टाकलं. सगळ्या जगाला दिसेल असं. नातेवाईक चुकू नयेत म्हणून नकाशासकट! यजमान कोण? डेल्फीन.

आता मी हमरस्त्याच्या फाट्यावर उभी आहे. एका हातात मिठाची पिशवी, दुसऱ्या हातानं गाड्यांना घळीची वाट दाखवतेय. त्यातल्या निम्म्या गाड्यांमधली माणसं मी जन्मात पाहिलेली नाहीत, आणि प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा! ज्याच्या-त्याच्यावर संशय घेतला हो मी... एक माझ्यावर तेवढा घ्यायचा राहिला!