पाईपच्या गॅसवर तीनशे माणसांचं जेवण

...छे छे, हळदीला जेवलात काय असं नका विचारू मला! जेवलो, साडेतीनला जेवलो, बाराची पंगत साडेतीनला बसली, आणि का बसली ते तुम्हाला सांगतो, नाय सांगितलं तर ते मटण पचायचं नाय मला. आमचा हरेश हो. वडखळवरून पेणकडे येताना डाव्या हाताला ज्याचं घर, तो. पोरीची, मनस्वीची हळद, तीनशे माणूस जेवायला, आणि या माणसानं काय करावं? अंगणात ती लग्नातली भट्टी मांडली, तीन पायांची, जिच्यावर दोघांनी उचलावा असा टोप बसतो, आणि जोडली कशाला, तर स्वयंपाकघरातल्या पाईपच्या गॅसला. म्हणजे ज्याच्यावर त्याची बायको नम्रता सकाळी दोन कप चहा ठेवते ना, त्याला!

आता असं बघा, तो पाईप घरात आला त्या दिवसापासून हरेशचे पाय जमिनीवर नव्हते. दूधवाला आला, त्याला घरात घेऊन मीटर दाखवला. "सिलेंडर आणायचा नाय, हलवून बघायचा नाय, नंबर लावायचा नाय. संपत नाय हा गॅस." एका दहाव्याला गेला, आता दहाव्याला माणसानं काय बोलावं? तर तिथं पण हा शेजारच्याच्या कानाशी लागला, "माणूस संपतो बघ... हा गॅस संपत नाय." आणि लोक ऐकायचे, कारण हरेश म्हणजे कंपनीतला माणूस, नागोठण्याच्या गॅसवाल्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं शिफ्ट केलेला. आता तिथं तो स्टोअरला होता, हातमोजे आणि हेल्मेट मोजून द्यायचा, पण गावाला काय, कंपनीतला माणूस म्हणजे गॅसमधला माणूस. त्यालाही हळूहळू तसंच वाटायला लागलेलं. "कंपनीच्या चिमणीवरची ज्वाला बघितलीस? माडाएवढी असते. तो पण गॅस, हा पण गॅस." झालं. संपलं शिक्षण.

पण थांबा, नुसतं हसू नका. त्याच्या मनात काय होतं ते पण ऐका, नायतर तुम्ही त्याला येडा समजाल. त्याची आई, धोंडुबाई. सत्तरीच्या पुढची बाई. भावकीत कुणाचं पण लग्न असू दे, जमिनीत चुलाण खणलं की फुंकणी हिच्या हातात. टोपात मीठ किती, भाताचं आदण कधी उतरवायचं, सगळं हिला विचारून. आणि मांडवात इकडं गाणी चाललीत, हळद लागतेय, बाया नाचतायत, आणि ही मागं धुरात. स्वतःच्या लेकाची, हरेशची हळद लागली तेव्हा पण ही मागंच होती, डोळे पुसत धावत आली तोवर त्याची आंघोळ पण उरकलेली. ते हरेशच्या मनात तीस वर्षं राहिलं होतं. म्हणून त्यानं शब्द दिला. "आये, मनस्वीच्या हळदीला तू पुढं बसायचंस. खुर्चीवर. पहिली हळद तू लावायचीस."

"आनि जेवान?"

"गॅसवर."

"तीनशे मानूस हाय रं. पुरंल?"

"आये, संपत नाय तो."

 मागल्या पडवीत म्हातारीनं वर्षभर रचून ठेवलेली सुकी लाकडं होती, त्यांच्याकडे एकदा बघितलंन. आणि या शहाण्यानं शिमग्याला पोरं लाकडं मागत आली तेव्हा ती सगळी, अख्खी रास, होळीला देऊन टाकली! "घेऊन जा रे, आता लाकडं कुणाला पायजेत?" होळी अशी पेटली यंदा, की पलीकडल्या गावातनं माणसं बघायला आली.

हळदीचा दिवस. सकाळी आठला चाळीस फूट रबरी नळी खिडकीतून अंगणात. भट्टीवर टोप, टोपात आदणाचं पाणी. सगळी भावकी गोल करून उभी. हरेशनं सगळ्यांना मागं सरकवलं, "लांब व्हा, भडका येईल," स्वतः तोंड फिरवून, हात लांब करून काडी लावली.

फुस्स.

अहो, समईत वात असते ना, तेवढी ज्योत. तशा पंधरा-वीस. निळ्या, गरीब, एकमेकींकडे बघत बसलेल्या. एवढ्या टोपाखाली त्या दिसत पण नव्हत्या, बघायला माणसं गुडघ्यावर वाकत होती. "आत्ता धरेल जोर," हरेश म्हणाला. "लांबनं येतोय तो." नऊ वाजले. दहा वाजले. मनस्वीचा मामा प्रविण रोह्याहून आला, आता मामाचा मान म्हणजे तुम्हाला सांगायला नको, त्यानं आल्या आल्या टोपात बोट बुडवलं आणि म्हणाला, "वा दाजी, नवरीच्या आंघोळीला अगदी बरोबर झालंय पाणी." बाया तोंडाला पदर लावून घरात पळाल्या. आणि हरेश? हरेश तरी म्हणतोय, "हळू असेल, पण संपत नाय!" प्रविण म्हणाला, "तो नाय संपत दाजी, आम्ही संपू."

शेवटी नम्रतानं गुपचूप गॅसच्या ऑफिसला फोन लावला. अर्ध्या तासात माणूस आला, सभ्य, शर्ट खोचलेला, हातात बॅग. त्यानं खिडकीतली नळी बघितली, अंगणातली भट्टी बघितली, मध्ये बिडी ओढणारे चार म्हातारे बघितले, आणि त्याचा चेहरा असा पांढरा पडला... धावत आत गेला आणि आधी कॉक बंद केला. मग बोलला. "काका, ही नळी कुणी लावली?" हरेश म्हणाला, "मी. मी कंपनीत होतो." तो म्हणाला, "काका, गॅस गळून उद्या सगळा मांडव गेला असता. असं कुणी करतं? आणि ही भट्टी सिलेंडरची, हिचा जेट, गॅस सुटायचं भोक, बारीक, प्रेशर वेगळं. ही घरगुती लाइन आहे."

"पण संपत नाय ना?" हरेशनं विचारलं. एवढ्याशा आवाजात.

तो माणूस पण बिचारा चांगला होता. म्हणाला, "नाही संपत, काका. पण एका वेळी एका स्वयंपाकघराला पुरेल एवढाच येतो." आणि नळी गुंडाळून गेला घेऊन.

आता? अकरा वाजून गेलेले. सिलेंडर कुठं मिळतोय, त्या दिवशी लग्नाची तिथी अशी की पेणपासून रोह्यापर्यंत एक भट्टी रिकामी नाय, एक सिलेंडर नाय. मग काय, फावडी आली, अंगणात चुलाण खणलं. लाकडं? लाकडं होळीला गेलेली. शेजारचा निकेश धावला, त्याच्या बांधावर आदल्या दिवशी तोडलेल्या आंब्याच्या फांद्या होत्या, हिरव्या गार, चीक पण सुकला नव्हता, त्या आणून टाकल्या. धूर असा उठला, की हायवेवरच्या गाड्या हळू झाल्या.

आणि मांडवात धोंडुबाई उठली. नवी नऊवारी नेसलेली, केसात अबोली, पदर खोचला आणि निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, धुराचा वास आला आणि पाय आपले चालायला लागले. हरेशनं तिला वाटेतच धरली. "आये, बस तू."

"अरे तुला जमनार नाय."

"नाय जमलं तर नाय जमलं. भात कच्चा खातील लोक. तू बस. आज तुझी जागा पुढं हाय."

खांद्याला धरून बसवलीन खुर्चीवर, आणि स्वतः फुंकणी घेऊन चुलाणाशी पालथा पडला. नवा पांढरा शर्ट, छातीवर वधूपिता लिहिलेला बिल्ला, आणि फू फू फू. दोन तास! मी सांगतो तुम्हाला, मी उपाशी होतो, रागात होतो, पण त्याला तसा बघून राग गेला माझा.

दोन वाजता हळद लागली. पहिली धोंडुबाईनं लावली, नातीच्या गालाला, आणि गाणी म्हटली तिनं, कधी नव्हे ती पुढं बसून. मग फोटोवाला ओरडला, "वधूचे वडील कुठं गेले?" हरेश आला. डोळे लालबुंद, नाकातनं पाणी, गालावरनं धारा लागलेल्या, आवाज बसलेला. मनस्वीनं बापाला बघितलं आणि तिनं हंबरडा फोडला. तिला बघून नम्रता. तिला बघून सगळ्या बाया. प्रविणमामा, सकाळी बोट बुडवणारा, तो पण गळ्यात पडला, "दाजी, तुमचं एवढं मन आम्हाला ठाऊक नव्हतं." नम्रता पदरानं त्याचे डोळे पुसतेय, म्हणतेय, "तीस वर्षांत कधी असे बघितले नव्हते हो तुम्हाला." हरेश सांगायला बघतोय, "अगो तो धूर..." पण कुणी ऐकेल तर ना.

शेवटी थकून येऊन आईच्या शेजारी बसला. मी मागल्याच खुर्चीवर होतो, भाताची वाट बघत, म्हणून मला ऐकू आलं. म्हातारी पुढं बघतच हळूच म्हणाली, "लाकडं वली होती ना रं?"

त्यानं मान डोलावली.

"गप ऱ्हा. कोनाला बोलू नको," धोंडुबाई म्हणाली. "पन्नास वर्सं मला पन सगली बोलतात, धोंडुबाय लय मायेची, कोनाची पन पोर सासरी निंगाली की रडते. मी कदी बोलले काय?"