मांडवातला मामा, दप्तरातला परका

मंडळी, ऐका! देवाचं नाव घेतलं, आता खरं बोलायचं. मला सांगा — मेहुणा हा नातेवाईक आहे की नाही? आहे? सगळे म्हणतात आहे! मग ज्यासाठी नातं दडवावं लागतं, तो मान घ्यावा का? हां, आता कशा माना खाली गेल्या!

पिंपळखुंट गाव. सरपंच जगन्नाथअण्णा शेलार. पंचायतीचा नियम होता — सदस्याच्या नातेवाइकाला पंचायतीत नोकरी नाही. चांगला नियम! अण्णांनीच केलेला! पण पाणी सोडणाऱ्याची जागा निघाली, आणि अण्णांचा मेहुणा गुलाबराव घरी रिकामा. अण्णांना आपलाच नियम नडला!

खरा हक्क कुणाचा? कौसल्याकाकूंचा. नवरा हेच काम करायचा. तो अंथरुणाला खिळल्यापासून तीन वर्षं गावाला पाणी सोडलं ते या बाईनं. कुठला व्हॉल्व्ह किती वेढे फिरवायचा, तोंडपाठ! तो गेला, चूल त्या नोकरीवर. पण अण्णांनी ग्रामसभेत नियमच दुरुस्त केला — ‘बायकोच्या माहेरचं माणूस नातेवाईक धरू नये.’

घरी इंदूवहिनींनी विचारलं, “म्हणजे माझा भाऊ तुमचा कोणीच नाही?”

“अगं, फक्त कागदावर!”

गुलाबरावानं लिहून दिलं — ‘सरपंचांशी वा त्यांच्या घराशी माझं कसलंही नातं नाही.’ खाली सही! आणि चावी हातात आली. पहिल्याच दिवशी असा फिरवला व्हॉल्व्ह, की वरच्या आळीला थेंब नाही आणि स्मशानातला नळ धो-धो! मेलेले तृप्त, जिवंत कोरडे! अहो, खांबापाशी बसलेले, हसता काय? तुमच्याही गावात असंच आहे!

काकूंनी तालुक्याला अर्ज केला. विस्तार अधिकारी या नात्याची चौकशी करत होते, एवढ्यात अण्णांच्या वैजूचं लग्न निघालं. अण्णा पडले हौशी! अधिकाऱ्यांनाही पत्रिका! साहेब आले, पहिल्या रांगेत बसले.

अंतरपाट धरला. लोकांच्या हातात अक्षता. गुरुजी माइकवर म्हणाले, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!”

मामा कुठाय? मामा शिऱ्याच्या कढईमागे उकिडवा! बाहेर यावं, तर पुढ्यात साहेब!

“मुलीचे मामा! मुहूर्त टळतोय!”

अण्णा धावत आत गेले. ते वैजूला म्हणाले, “बाळ, आज काका आणतील तुला.”

पोरगी हलेना! “लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली ती मामानं. मामाशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही!” आणि हंबरडा फोडला हो — “मामाऽऽ!”

मंडळी, सांगतो तुम्हाला, त्या हाकेपुढं कसली सही अन् कसला शिक्का! कढईमागून गुलाबराव उठला. कपाळाला शिरा, डोळ्यांत पाणी. “आलो गं माझी बाय! नोकरी गेली खड्ड्यात!”

त्यानं वैजूचा हात धरला, मांडवात आणलं. साहेब शांतपणे म्हणाले, “वा अण्णा! मांडवात मामा, दप्तरात परका?” अण्णांची मान जी खाली गेली, ती पंगती उठेपर्यंत वर आली नाही.

अक्षता पडल्या. गुलाबरावानं कमरेची चावी काढली आणि अक्षता टाकायला आलेल्या कौसल्याकाकूंच्या पुढ्यात ठेवली. “काकू, चुकलो. तुमच्या तोंडचा घास घेतला. आता एवढं सांगा, तो व्हॉल्व्ह फिरवायचा कुठल्या बाजूला?”

पुढच्या ग्रामसभेत नियम पुन्हा दुरुस्त झाला. सांगितला कुणी? इंदूवहिनींनी! — ‘लग्नात ज्याला मानाचा फेटा बांधावा लागतो, तो नातेवाईक!’ आहे का यात पळवाट?

हसलात ना? आता मला सांगा, तुमच्या देवळाच्या कमिटीत अध्यक्षाचा व्याही कोण? शाळेच्या कमिटीत कुणाचा साडू? का हो, घसा का कोरडा पडला? आणि मला काय बघता! हा पेटीवाला — तीन सूर चुकला आज! — हा माझा सख्खा भाचा. नेमला कुणी? मीच! उद्यापासून पेटीवर गावातला चांगला वाजवणारा बसेल. ऊठ रे बाबा, पण जेवायला घरी ये. मामा आहे मी तुझा! बोला, हरी विठ्ठल!