बॉयलर आणि जाळीवरचे झाकण

नाव: ओळखपत्रावर आहे तेच, हवालदारांनी उतरवून घेतले आहे. गल्लीत 'शिवणवाल्या मावशी' म्हणून विचारले तरी कोणीही घर दाखवील.
वय: सहासष्ट.
धंदा: शिवणकाम, घरीच.
राहणार: बाजारामागच्या गल्लीतले शेवटचे दुमजली घर, तळमजला.

मी आज दुपारी स्वतःच्या पायाने ठाण्यात आले असून, मला कोणी पढवलेले नाही. विचारल्यावरून सांगते ते असे.

वरील घरात तळमजल्यावर मी आणि वरच्या मजल्यावर माझी धाकटी बहीण राहते. मी लग्न केले नाही. बहिणीचे यजमान वारल्यावर आम्ही दोघींनी मिळून हे घर घेतले. ती ग्रंथालयात नोकरीला होती, आता निवृत्त आहे. आमच्यात भांडण आहे का, असे हवालदारांनी विचारले. रोजचे आहे. त्यात पोलिसांनी पडण्यासारखे काही नाही.

दोन्ही मजल्यांना गरम पाणी पुरवणारा गॅसचा बॉयलर माझ्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. घर घेतले तेव्हापासून तोच आहे. हवालदार दर वेळी 'सदर बॉयलर' असे लिहीत आहेत, माझी हरकत नाही. सदर बॉयलर तापायला वेळ घेतो. पूर्वी निळा जळायचा, गेल्या हिवाळ्यापासून पिवळा जळतो. पेटताना भांडे आपटल्यासारखा आवाज करतो. वरच्या भिंतीला काजळी धरते, ती मी दर आठवड्याला पुसते. मधूनच विझतो, मग बाजूला एक थाप मारावी लागते, ती कुठे मारायची ते मला ठाऊक आहे. माणूस म्हातारा झाला की कुरकुर करतो, म्हणून त्याला कोणी घराबाहेर काढत नाही, असे माझे म्हणणे होते आणि ते मी सगळ्यांना ऐकवत असे.

बॉयलरची देखभाल मागच्या गल्लीतले मिस्त्री करत. त्यांचे गुडघे गेल्यापासून ते येत नाहीत. शेवटचे आले तेव्हाच म्हणाले होते, "मावशी, ह्याचे भाग आता मिळत नाहीत. पुढच्या वेळी बिघडला तर मला बोलावू नका, नवाच घ्या." त्यानंतर तो बिघडला असे मी कधी म्हटले नाही, त्यामुळे त्यांना बोलावण्याचा प्रश्न आला नाही.

बहीण रोज सकाळी खाली येते. वरून नळ सोडून पाहिला तरी पाणी तापले की नाही ते कळते, पण ती खालीच येते. बॉयलरला लागून एक स्टूल आहे, त्यावर बसते. तिला थंडी फार. मी चहा ठेवते. ती मला वर्तमानपत्रातले वाचून दाखवते, मी तिला चुकीचे वाचतेस म्हणते. पाणी तापले तरी ती लगेच उठत नाही. तासभर जातो. त्यानंतर मी पुढच्या खोलीत मशीनवर बसते आणि दिवसभर गिऱ्हाइकांशिवाय कोणी माझ्याशी बोलत नाही.

स्वयंपाकघराचे दार उघडे असते का, असे विचारले. बहीण बसलेली असताना मी ते लोटून घेत असे, ऊब राहावी म्हणून.

यंदा थंडी सुरू झाल्यावर बहीण म्हणाली, "ताई, तुझ्या त्या जाळीतून माझ्या मानेवर वारा येतो. मी आपली वर विजेचा छोटा बॉयलर घेऊन टाकते. तुलाही सकाळी सकाळी माझा ताप नको." जाळी म्हणजे बॉयलरशेजारी भिंतीत हवेसाठी ठेवलेली लोखंडी जाळी. मी म्हटले, घे की, तुला कोण अडवतंय. मी असे म्हटले, पण मला ते नको होते. वर बॉयलर आला की ती कशाला जिना उतरेल?

म्हणून मी त्या जाळीचे माप घेतले आणि तिला झाकण शिवले. जाड सुती कापड, मध्ये कापूस, आडवी-उभी टीप, चारही कोपऱ्यांना बटणे. खिडकीच्या फटींनाही कापडाच्या पट्ट्या ठोकल्या. बहीण म्हणाली, आता कसं छान वाटतंय. विजेच्या बॉयलरचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

त्यानंतर तिचे डोके दुखू लागले. सकाळी जास्त, दुपारी बाजारात जाऊन आली की बरे. मळमळते म्हणायची. मी म्हटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग म्हटले, जेवत नाहीस धड. मग म्हटले, तुला बाजारात बरी तब्येत सापडते. डोके माझेही धरत असे, पण शिवणाऱ्या बाईचे डोके धरतेच, त्यात नवल नाही.

मला न सांगता बहिणीने बॉयलरवाल्या कारागिराला फोन केला. तो आज सकाळी आला. बहीण तेव्हा नुकतीच वर गेली होती, डोके जड झालेय, जरा पडते म्हणून. बाई कुठे आहेत, असे त्याने विचारल्यावर मी तेच सांगितले. बॉयलर चालू होता. कारागीर चाळिशीचा, उंच, कानाला फोन चिकटलेला. पिशवी न उघडता त्याने बॉयलरकडे पाहिले आणि म्हणाला, "अरे बापरे. हा अजून चालतोय?"

मी म्हटले, "माझ्यासमोर त्याला असं बोलायचं नाही."

तो म्हणाला, "मावशी, पंधरा वर्षं झाली की ह्यांचा भरवसा नसतो. हा तर माझ्याबरोबर शाळेत असेल. ज्योत पिवळी, भिंत काळी. दुरुस्तीत पैसे घालू नका." मग त्याने खिशातून रंगीत चित्रांचे पुस्तक काढले. वर एक छोटा, खाली एक छोटा, दोन घेतले तर सवलत. "वरच्या बाईंना खाली यायची कटकटच नको," असे तो म्हणाला.

हा माणूस काहीतरी गळ्यात मारायला आला आहे, अशी माझी खात्री झाली. मी त्याला म्हटले, "तुम्ही बसा, मी आमच्या मिस्त्रींना घेऊन येते. ते सांगतील तेच होईल." तो म्हणाला, बसायला वेळ नाही, जातो. जाऊन तो वर बहिणीकडून सही घेईल, असे मला वाटले. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी लावली आणि चप्पल शोधू लागले. डांबून ठेवण्याचा हेतू होता का? होता, पण थोड्या वेळापुरता.

आतून तो दार ठोकू लागला. बऱ्याच गोष्टी बोलला, त्या मी लिहून देत नाही. मग ठोकणे थांबले. दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे त्याने पिशवी उघडून काम सुरू केले असावे. कारण लगेच आतून एक बारीक शिट्टी वाजू लागली आणि थांबेना. ते हवेतला विषारी वायू मोजायचे यंत्र होते, हे मला नंतर कळले. ह्या वायूला वास नसतो, हेही नंतर कळले. पाठोपाठ काच फुटल्याचा आवाज झाला. खिडकी माझ्या पट्ट्यांमुळे उघडत नव्हती.

तो ओरडला, "वरच्या बाईंना बाहेर काढा. आधी त्यांना."

मला आधी ही युक्ती वाटली. पण दार उघडा, असे तो म्हणत नव्हता. म्हणून मी कडी काढली आणि वर गेले.

बहीण पलंगावर होती. डोळे उघडले, पण मला 'आई' म्हणाली. मी म्हटले, मी ताई. ती पुन्हा 'आई' म्हणाली आणि विचारले, शाळेला उशीर झाला का? कारागीर माझ्या मागोमाग आला होता. त्याने तिला पाठीवर घेतले आणि खाली रस्त्यावर नेले. ती वजनाने जड आहे. त्याचा फोन सारखा वाजत होता, त्याने घेतला नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिला, आजी, डोळे मिटू नका, असे सांगत होता. ती एरवी कोणाला आजी म्हणू देत नाही.

मला गाडीत घेतले नाही. जागा नव्हती म्हणाले.

रस्त्यावर उभे असताना कारागिराने जाळीवरून काढून आणलेले झाकण मला दाखवले. म्हणाला, "बॉयलर जुना झालाच होता, नीट जळत नव्हता. पण ह्या जाळीतून थोडीफार हवा येत होती, म्हणून आजवर निभावलं. ही बंद झाली आणि सगळा वायू खोलीत साठला. सगळ्यात जास्त त्या स्टुलापाशी. कोणी शिवलं हे?"

मी म्हटले, मी.

तो म्हणाला, "शिवलंय मात्र झकास." त्याच्या मनात वाईट नव्हते. मी तिथेच पायरीवर बसले. मला रडू आले, ते गल्लीने पाहिले आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

रुग्णालयाने ठाण्याला कळवले म्हणून हा जबाब होत आहे. कडी लावल्याबद्दल कारागिराची तक्रार नाही, पण लिहून ठेवा असे तो म्हणतो. त्याचे बरोबर आहे. फुटलेल्या काचेबद्दल माझी तक्रार नाही. ती त्याने आधीच फोडायला हवी होती.

जबाब चालू असताना रुग्णालयातून फोन आला. बहिणीला प्राणवायू लावला आहे, शुद्ध नीट आली आहे, एक रात्र ठेवतील. हवालदारांनी फोनवर तिचे म्हणणे घेतले आणि मला सांगितले. ती म्हणते की जाळी तिने स्वतः बंद केली, झाकण तिने शिवले, ताईला त्यातले काही माहीत नाही, ताईला त्रास देऊ नये.

हे साफ खोटे आहे. तिला सुईत दोरा ओवता येत नाही. तिच्या पोलक्यांची बटणेही मीच लावते. झाकण पोलिसांच्या ताब्यात आहे, त्याची काजे पाहावीत. गल्लीत अशी काजे दुसरे कोणी करत नाही. आजारी माणूस म्हणून तिचे म्हणणे लिहून घेतले असेल तर राहू द्या, पण खरे मी सांगते ते धरावे.

जुना बॉयलर काढून न्यायला माझी हरकत नाही. तो कधीच काढायला हवा होता. मी त्याच्या बाजूने बोलत राहिले, पण मला त्याची काही पडलेली नव्हती. नवे दोन बसवावेत, वर एक आणि खाली एक. वरचा आधी बसवावा, ती घरी यायच्या आत. कारागिराला मी तसे सांगितले आहे. तो मिस्त्रींना विचारायचे का म्हणाला. मी नको म्हटले.

हवालदारांनी सगळा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. एका ठिकाणी फरक होता. झाकणाच्या मजकुरात हवालदारांनी माझ्या भल्यासाठी 'अनवधानाने' असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. खोडल्या जागी माझी सही आहे. अनवधानाने काही झालेले नाही. मी दोनदा माप घेऊन शिवले, ती माझ्याजवळ बसावी म्हणून.