माहं पोट अन् जपानचं दुखणं

...नाही पण मले एक सांगा, दुखते म्हणजे कसं दुखते, हे काय इचाराची गोष्ट हाये? दुखते म्हणजे दुखते! आमच्या घराण्यात माणसाच्या तब्येतीच्या दोनच बातम्या असतात, एक 'बरं नाही' अन् दुसरी 'गेले'. मधात काहीच नाही. माहा बाप सुजल्या पायानं दिवसभर वखर हाकून आला, मायनं इचारलं काय झालं, तं म्हणे काही नाही. अन् माही पोरगी मले बाजेवर निजवून इचारून राह्यली, बाबा, टोचल्यावाणी दुखते का ठणकल्यावाणी?

तुमाले सांगतो, मी उकंडराव, मेडशीचा, सोयाबीन-तुरीतला माणूस, मले जपान कुठीसा हाये हे बी माईत नव्हतं. पण आमच्या पोरीनं, संस्कृतीनं, नर्सिंग केलं अन् वाशीमले जपानी भाषेचा क्लास लावला, कायले, तं तिकडच्या म्हाताऱ्यायची सेवा कराची नोकरी भेटते म्हणून. बरं, भाषा तं भाषा, पण त्या लोकायचं दुखणं बी साधं नाही! डोस्क्यात घण पडल्यावाणी झालं तं गानगान. दात ठणकला तं झुकीझुकी. सुया टोचल्या तं चिकुचिकु, कातडी चुरचुरली तं हिरीहिरी. पोट बारीक-बारीक दुखलं तं शिकुशिकु अन् पिळून काढलं तं किरीकिरी. आमची बायको सोजरबाई गॅसजवळून म्हणे, आपल्यात नाही काय वो, ठणठण, भणभण, चुरचुर? म्हटलं हायेत ना, पण वापरते कोण? आपण म्हणतो 'काही नाही' अन् कूस बदलतो.

आता शिकाले पेशंट पाह्यजे. सोजरबाईले काम, मंग राह्यलं कोण? मी! पोरीनं चिठ्ठ्या लिहल्या अन् माह्या बनियनले टाचण्यायनं टोचल्या, कपाळावर चिकटपट्टीनं गानगान, गालावर झुकीझुकी, गुडघ्यावर काय ते आता आठवत नाही. तिनं बोट ठेवाचं, मी कण्हाचं अन् शब्द सांगाचा. रोज संध्याकाळी. कण्हणं बी तिले पसंत पडे ना, म्हणे, बाबा, हे बैल हाकल्यावाणी होऊन राह्यलं, जरा दुःखानं करा. एक दिवस शेजारचा भिवाजी फवारणीचा पंप मागाले आला अन् दारातच थांबला... मी बाजेवर, कपाळाले चिठ्ठी, पोरगी उशाशी बसून काहीतरी पुटपुटून राह्यली, अन् सोजरबाई खाली मान घालून तूर निवडून राह्यली. पंप न घेताच गेला गडी. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बिस्कुटाचे पुडे घेऊन भेटाले! मी म्हणो मले काही झालं नाही, ते म्हणत हाव हाव, हिंमत ठेवा. मले काही वाटलं नाही. बिस्कुटं चहात बुडवून खाल्ली.

तुमी म्हणसान, एकुलती एक पोरगी समुद्रापल्याड चालली, बापाले कसं वाटून राह्यलं असन? तेच तं सांगतो, वाटतच नव्हतं! म्हणजे जाऊ नये असं वाटे, साफ सांगतो, घरात बोलणारं तोंड तेवढं एकच. पण मांडी घालून लय येळ बसलं की पाय कसा होते, हाये तं आपलाच, पण चिमटा घेतला तरी समजत नाही, तसं आतून झालतं. त्याच्यासाठी बी जपानीत शब्द हाये म्हणे. मी इचारला नाही. कायले इचाराचं?

अन् मंग मुलाखतीच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवून उठलो अन् कमरीतून अशी कळ आली, अशी कळ आली, का सीधा बाजेवर आडवा. म्हटलं, संस्कृती, मेलो व. ती आली, बसली, अन् खुश! "बाबा, मराठीत नाही सांगाचं." अवं खरंच दुखते! "ते बी जपानीत सांगा." तुमाले सांगतो, इकडं माहे डोळे पांढरे, आंगाले दरदरून घाम, अन् तोंडातून निघालं काय, तं गानगान. ती म्हणे, "गानगान डोस्क्याचं असते, तुमी पोट धरलं. पुन्हा." म्हटलं शिकुशिकु. म्हणे, ते बारीक दुखणं झालं, तुमी तं गडबडा लोळून राह्यले. सोजरबाई डोकावून गेली, म्हणे आज कण्हणं बरं जमलं यायले. शेवटी जीव खाऊन बोंबललो, किरीकिरी! पोरीनं टाळ्या वाजवल्या... अन् मी भडाभडा ओकलो. टाळ्या तशाच थांबल्या. ओकाची चिठ्ठी आमी केली नव्हती ना.

डॉक्टरकडं नेलं. मी दारातूनच तयारीत, का आता हा इचारन, कसं दुखते? अन् मी सांगीन, सगळं वेगवेगळं करून सांगीन. त्यानं मान बी वर केली नाही, सुई टोचली, म्हणे मुतखडा दिसते, पाणी प्या. एवढी मेहनत केली, इचारलंच नाही!

दुसऱ्या दिवशी मुलाखत, मोबाईलवर. मी बाजूच्या खोलीत पडून आयकत होतो. तिकडून एक बाई बोले, इकडून संस्कृती. मधातच एका सवालावर पोरगी अडली. अन् तुमाले सांगतो, मी हात जोडले. म्हटलं देवा, इसरू दे तिले, राहू दे इथंच. पण ती बोलाले लागली, हळूहळू, अन् त्याच्यात मले आयकू आलं, किरीकिरी. म्हटलं, हे तं माहं हाये!

मंग तिनंच सांगितलं. बाईनं इचारलं, म्हातारा माणूस दुखण्याचा शब्द चुकीचा बोलला तं तू काय करशीन? "मी सांगितलं, बाबा, का काल माह्या बापाचा जीव चालला होता अन् मी त्याचा शब्द सुधारत बसली. आता पयले हात धरीन, शब्द मागून." तिकडं बाईनं चष्मा काढून डोळे पुसले अन् तिथल्या तिथं पोरगी पसंत केली. पुढच्या महिन्यात जाते.

माहा हात हातात घेऊन इचारते, बाबा, आता कसं दुखते? म्हटलं, काही नाही. खरंच नाही ना दुखत, काय सांगू? जन्मभर तोंड बंद ठेवून दुखलो, तं घरातलं काही गेलं नाही. एकडाव, फक्त एकडाव, बरोब्बर सांगितलं कसं दुखते ते... तं पोरगीच चालली.