मुकादमाच्या टोपीवरचा दिवा

नाही काका, मला विचारू नका. टेप आहे ना तुमच्याकडे, मग मोजा. आणि तो लाल दिव्याचा पॉइंटर फाशांच्या डबीखाली सरकलाय, तो घ्या, लावा, उजेड कुठे पडतो ते बघा. माझ्या तोंडाकडे बघून काय कळणार तुम्हाला? सकाळपर्यंत मीही अशीच विचारत होते समोरच्याला — पोचतंय का, दिसतंय का, चालेल ना तुला — आता नाही. आता टेप सांगेल ते खरं. …रागावले नाहीये हो. म्हणजे रागावलेय, पण तुमच्यावर नाही, तुम्ही आत्ता कुठे येऊन बसलात समोर. जरा जपून रेला, त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. माझ्याही खुर्चीचा आहे. आयोजकांनी एवढा मोठा हॉल घेतला, टेबलांवर हिरवं कापड काय, पडक्या इमारती काय, पाण्याची टाकी काय, सगळं हौसेने मांडलं, आणि माणसांना बसायला हे.

टेबलावरच्या लढाईची पहिलीच स्पर्धा ना तुमची? कळतं. तुम्ही तुमच्या यंत्रमानवांना हात लावायच्या आधी हात पुसता. छान रंगवलेत, खरंच, पितळेचा रंग इतका सपाट बसत नाही कुणाचा — चष्म्याच्या दुकानात असता म्हणालात, मग बरोबर आहे, बारीक कामाचा हात आहे. माझे? माझे खाणकामगार आहेत. सूर्य विझलेल्या ग्रहावरचे. मालक लोक अवकाशयानं घेऊन उडून गेले आणि ह्यांना खाली ठेवलं, मग ह्यांनीच ड्रिल आणि सुरुंग उचलले आणि लढायला निघाले — ही गोष्ट आमचीच, दादाने आणि मी रचलेली. आई म्हणते, बाहुल्या खेळायचं वय आहे का तुमचं. आमच्या घरात एक आख्खं टेबल ह्या बाहुल्यांनी अडवलंय म्हणून तिचा राग. तिला कुठे सांगणार की दुबळं सैन्य घेऊन जिंकण्यात काय आहे ते. सगळे मला म्हणतात, दुसरं सैन्य घे, ह्यांच्या तोफा कमजोर आहेत. मी म्हणते, असू देत. जे मागे टाकले गेले त्यांच्या बाजूने खेळायचं, नाहीतर खेळायचंच कशाला.

हा बघा, हा माझा मुकादम. अंगठ्याएवढा, पण सगळं सैन्य ह्याच्या जिवावर चालतं. टोपीवर दिवा दिसतोय? तो पिवळा ठिपका? तो दादाने शिकवला मला काढायला. श्वास आत घ्यायचा, थांबवायचा, ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, आणि मग सोडायचा श्वास. मला ताप होता तेव्हा शेजारी बसून त्याने माझे सगळे दिवे काढून दिले होते, स्वतःची परीक्षा तोंडावर असताना — जाऊ दे. तुमची चाल आहे, चाला ना.

दादा? तो काय, तिकडे, खिडकीशी, कागदी कप घेऊन उभा. निळा शर्ट. त्याची शेवटची फेरी आटोपलीसुद्धा, जिंकला, फळ्यावर बघा, सगळ्यात वर आहे. नाही, अजून नक्की नाही काही. माझं सांगते — तुमचा सेनापती पडला तर गुणांत मी त्याच्या वर जाते, नाही पडला तर करंडक त्याचा. म्हणून तर राहून राहून फळ्याकडे बघतोय. माझ्याकडे नाही बघत. सकाळपासून नाही बघितलं.

सकाळी आमचा दोघांचाच डाव लागला. चिठ्ठ्याच तशा पडल्या, त्यात कुणाचा दोष नाही. मला तर आनंद झाला होता. कारण आम्ही दोघं कसे खेळतो माहितीय, टेपला हातसुद्धा न लावता. म्हणजे लावतो, पण आधी बोलतो. तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगते, ह्या खेळातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे — आपल्या मनात काय आहे ते मोठ्याने सांगायचं. मी ह्याला भिंतीमागे लपवतेय, तुझ्या तोफेला दिसू नये म्हणून. समोरचा वाकतो, एक डोळा मिटून तोफेच्या मागून बघतो, म्हणतो, नाही दिसत. झालं. ते पक्कं. मग नंतर कुठल्या फटीतून टोपीचं टोक दिसो नाहीतर बुटाची टाच, तोफ मारायची नाही. कारण त्याने तेव्हाच सांगितलं असतं, दिसतंय, तर मी केसभर सरकवलंच असतं ना त्याला. जागा होती की तिथे. एवढा साधा विश्वास आहे, आणि त्याच्यावर हा आख्खा हॉल चाललाय. नाहीतर नुसतं प्लॅस्टिक आहे हो हे. हे मला कुणी शिकवलं? त्यानेच. टेबलाखाली पाय हलवत बसायची मी तेव्हा, आणि तो म्हणायचा, फासे खोटं बोलू शकत नाहीत, म्हणून माणसांनीही बोलायचं नाही.

तर सकाळी मी मुकादमाला मोडक्या भिंतीमागे ठेवलं. विचारलं, दादा, दिसत नाही ना? तो वाकला. एक डोळा मिटला. मी बघितलंय त्याला डोळा मिटताना. म्हणाला, नाही दिसत. मी निर्धास्त. दोन पाळ्या गेल्या, मी पुढे होते, चांगली पुढे होते, आणि शेवटच्या पाळीला ह्याने हात वर केला. पंचांना बोलावलं. मला वाटलं, पाणी सांडलं असेल. तर म्हणतो, सर, मुकादम दिसतोय. मी हसलेच आधी. पंचांनी पॉइंटर लावला, आणि तो लाल ठिपका भिंतीतल्या भोकातून गेला आणि नेमका टोपीवरच्या दिव्यावर बसला. पिवळ्यावर लाल. पंच काय करणार बिचारे, मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं त्याला — तू आधी नाही दिसत म्हणाला होतास का? आणि दादा फाशांकडे बघत म्हणाला, मला नाही आठवत तसं काही.

मुकादम गेला, डाव गेला. काका, हरण्याचं काही नाही. हरते मी पुष्कळ, खाणकामगार घेतल्यावर दुसरं काय होणार. पण त्याने ते कसं म्हटलं — तसंच, त्याच आवाजात, शेवटचा शब्द जरा गिळून — तसं म्हटलेलं मी परवाच ऐकलं होतं. नाही, इथे नाही, घरी. विषय वेगळा आहे. तुम्ही चाला.

म्हणजे वेगळा आहे आणि नाहीही. माझं कॉलेज संपलं, बाबांनी त्यांच्या मित्राच्या ऑफिसात माझं सगळं ठरवून ठेवलंय, खुर्चीसकट. आणि मला डोंगरातल्या एका शाळेत शिकवायला जायचंय. तीन वर्गांना एक बाई आहेत तिथे, आणि त्याही सोडून चालल्यात. हे मी पहिल्यांदा दादाला सांगितलं, ह्याच टेबलावर, म्हणजे घरच्या टेबलावर, तो गोंद लावत होता, बोटाला बोट चिकटलं होतं त्याचं. मी म्हटलं, बाबा ओरडतील, तू बोलशील ना माझ्या बाजूने? म्हणाला, बोलीन की, तू विषय काढ, मी आहे. मी आहे, असं म्हणाला. मग मी काढला विषय, जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना. बाबा एकदम शांत झाले, आणि त्यांचं ते शांत होणं — हं? हो हो, नाही दिसत, ठेवा तिथेच टाकीमागे — तर बाबा शांत झाले आणि माझ्याशी बोललेच नाहीत, दादाकडे वळले. तुला माहीत होतं हे? तुझ्याशी बोलली होती ही? दादा संत्रं सोलत होता. साल एका तुकड्यात काढायची सवय आहे त्याला, ती तुटू नये म्हणून हळूहळू सोलत होता, आणि म्हणाला, असेल बोलली, मला नाही आठवत तसं काही. साल तुटलीसुद्धा नाही त्याची. आई माझ्याकडे बघत होती, मी दादाकडे, दादा संत्र्याकडे. बाबा म्हणाले, मग संपलं. आणि उठले. रात्री मी विचारलं नाही त्याला. मला वाटलं, घाबरला असेल. बाबांना घाबरतोच तो, मीही घाबरते. मी मनातल्या मनात त्याच्या बाजूने वकिली केली, काका, दोन दिवस. म्हटलं, तिथे नाही जमलं त्याला, पण निदान इथे — इथे तर बाबा नाहीत ना? इथे प्लॅस्टिकचं सैन्य आहे आणि मी आहे. इथे काखा वर करायला काय झालं होतं?

…रडत नाहीये. ट्यूबलाइट डोळ्यांवर येतेय. झाली तुमची चाल? मग माझी शेवटची.

थांबा.

थांबा हं, जरा वाकते. हा माझा सुरुंगवाला इथे उभा आहे, ह्याच्या मागून… टाकीच्या दोन पायांमधून… काका, तुमच्या सेनापतीच्या खांद्यावरची ती पितळी काडी आहे ना, अँटेना, ती दिसतेय. पूर्ण नाही. पण दिसतेय. नियमाप्रमाणे काडी दिसली तरी पुरते. आणि ह्याच्याजवळची तोफ भरलेली आहे, आणि ह्या अंतरावर ती चुकायची म्हणजे फासेच उलटे पडायला हवेत.

हो, नाही दिसत म्हटलं होतं मी. पण न बघता म्हटलं, ते वेगळं नाही का? तो वाकून, डोळा मिटून, बघून बोलला होता, मी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, मी बाबांचं सांगत होते. आणि सुरुवातीलाच तुम्हाला सांगितलं होतं, मला विचारू नका, पॉइंटर लावा. सांगितलं होतं की नाही? मग का विचारलंत? का सगळे विचारता तुम्ही, आणि मग दुसऱ्याच्या एका ‘हो’वर निवांत बसता… असं बघू नका माझ्याकडे. सर. पंच सर, इकडे जरा.

हा बघा सर लाल ठिपका, काडीवर आहे. आहे ना? दिसतंय ना? मग मी मारते. …काय? काका, सर विचारतायत, काही बोलणं झालं होतं का आपलं. सांगा ना. गप्प का बसलात, बोला की, तुमचा सेनापती मरतोय. हिने नाही दिसत म्हटलं होतं, असं सांगा. चष्मा काय पुसताय.

तू कशाला आलास इथे, दादा? तुझा डाव संपला ना.

मला विचारताय, सर? मी… हो. आठवतंय. ह्यांनी टाकीमागे ठेवताना विचारलं होतं, आणि मी म्हटलं, नाही दिसत, ठेवा. मी संत्र्याचं सांगत होते तेव्हा. बघितलं नव्हतं मी, पण म्हटलं होतं. मला सगळं आठवतं, सर, कोण कधी काय म्हणालं ते. मोठ्याने बोलतेय का? असू दे. नाही, तोफ नाही मारत. झाली माझी पाळी, लिहा तसं.

थँक्यू नका म्हणू काका. चांगुलपणाने नाही केलेलं, रागाने केलंय. टाका तुमचे फासे. आणि दादा, तू सरक तिथून, काकांना उजेड अडतोय.