मागच्या टायरबाबत

नाव: छोटे मिस्त्री. (कागदावरचे नाव वेगळ्या पानावर लिहून दिले आहे. त्या नावाने हाक मारली तर मी वळूनही बघत नाही.) वय: एकोणसाठ. धंदा: जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणे. राहणार: लोखंडी पुलाच्या अलीकडे, उताराची गल्ली, गॅरेजच्या मागच्या खोल्या.

विचारल्यावरून पोलीस चौकीत हवालदारसाहेबांच्या समोर बसून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी, माझा थोरला भाऊ, वय अडुसष्ट, आणि त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, वय बासष्ट, असे तिघे राहतो. माझे लग्न झालेले नाही. भावाला मी दादा म्हणतो. धंदा मूळ त्याचा, पाना कसा धरायचा हे मला त्यानेच शिकवले. दोन वर्षांपासून त्याला विसरायला होते. डॉक्टरांनी त्या आजाराचे लांबलचक नाव सांगितले होते, ते मी लक्षात ठेवलेले नाही.

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी गॅरेज उघडायला गेलो. कुलूप फोडलेले नव्हते. किल्लीने उघडून पुन्हा कडीला नीट अडकवून ठेवलेले होते. आत दादाची मोटरसायकल नव्हती. ही गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. रंग काळा, टाकीवर सोनेरी रेघ, ती रेघ दादाने स्वतःच्या हाताने ओढलेली आहे. गाडी लाथ मारून सुरू करावी लागते आणि हँडलवरची, ठिणगीची वेळ बदलायची दांडी आधी मागे ओढली नाही तर ती उलटी लाथ मारते. परक्या माणसाचा घोटाच जाईल. चोराचा घोटा कसा वाचला हे मला समजलेले नाही.

गाडीबरोबर डबाही गेलेला आहे. डबा म्हणजे गाडीच्या बाजूला जोडायची एका चाकाची बैठक. आमच्या घरात तिला डबाच म्हणतात. वीस वर्षांपूर्वी काढून अंगणात ठेवली, तेव्हापासून वहिनी तिच्यात फुलझाडांच्या कुंड्या ठेवत असे. एकूण नऊ कुंड्या. त्या चोराने बाहेर काढून भिंतीशी ओळीने लावलेल्या होत्या. एकही फुटलेली नाही. नऊच्या नऊ कुंड्यांना पाणी घातलेले होते. हे मी दोनदा सांगितले, कारण हवालदारसाहेबांनी दोनदा विचारले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, माती ओली होती.

गाडी नाही म्हटल्यावर मला पहिली शंका दादाची आली. मी धावत आत गेलो. दादा पलंगावर बसून एका पायात दोन मोजे घालत होता. त्याला बघून माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा बाहेर आला, कारण दादा इथे आहे तर गाडी कोणी नेली? वहिनी घरी नव्हती. काल संध्याकाळी तिने मला सांगितले होते, पहाटेच्या बसने बहिणीकडे जाते, दुपारपर्यंत येते, तोवर यांच्याकडे लक्ष ठेवा. दादाला एकटे ठेवता येत नाही म्हणून त्याला बरोबर घेऊन मी सात वाजता चौकीत आलो. तो आत्ता बाहेरच्या बाकावर बसलेला आहे.

गाडी कशासाठी तयार केली होती, असे विचारले. त्याबद्दल सांगतो की, दादाला समुद्राला जायचे आहे. वाट तीन दिवसांची आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो आणि वहिनी याच गाडीवरून निघाले होते, अर्ध्यात मागचा टायर फुटला, त्या मापाचा दुसरा कुठे मिळेना, म्हणून गाडी मालमोटारीत घालून परत आणली. पुढे धंदा, आजारपणे, हे ते, जायचे राहून गेले. आता दादा सकाळी काय खाल्ले ते विसरतो, पण टायर विसरत नाही. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी उठून म्हणाला, गाडी काढ, टायर बघू या.

मी गाडी मन लावून तयार केली, हे लिहून घ्यावे. टाकीतला गंज काढला. तारा आवळल्या. साखळी नवी. क्लचच्या केबलला लागूनच दुसरी केबल चिकटपट्टीने बांधून ठेवली, म्हणजे रस्त्यात एक तुटली तर फक्त टोके बदलायची. ही युक्ती दादाची. राहिले टायर. रिम एकोणीस इंची, त्या मापाचे टायर आता मागवावे लागतात. हमरस्त्याच्या फाट्यावर एक टायरवाला आहे, बारा किलोमीटरवर, तो आमचा जुना माणूस. त्याच्याकडून टायरांची चित्रे आणली आणि दादापुढे ठेवली. दादाने निवडले: पुढे उभ्या रेघांचा, मागे चौकटींचा. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले, टायरचे काय ठरले? पुन्हा चित्रे काढली. पुन्हा पुढे उभ्या रेघांचा, मागे चौकटींचा. असे रोज. साठ-सत्तर वेळा तरी झाले असेल आणि एकदाही त्याची निवड चुकली नाही.

दादाने या वयात, या डोक्याने तीन दिवस गाडी चालवू नये असे माझे मत होते आणि आहे. पण थोरल्या भावाला नाही कसे म्हणायचे? म्हणून मी रोज एक खोट काढत होतो. आज माप नाही, उद्या रबर मऊ आहे, परवा माल यायचा आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, त्यातली निम्मी मी एकट्याने आणली. वहिनी हे सगळे ऐकत असे आणि काही बोलत नसे. शेवटी टायरवाल्यालाच दया आली. गेल्या महिन्यात दोन्ही टायर त्याने आपण होऊन घरी आणून टाकले. मग माझ्याकडे सबब उरली नाही. मी दोन्ही टायर बसवले. गाडी चोरीला गेली तेव्हा तिला दोन्ही टायर नवे होते.

संशय कोणावर आहे, असे विचारल्यावर मी टायरवाल्याचे नाव घेतले. कारण असे की डबा जोडायला दोन माणसे लागतात आणि ते काम येणारी माणसे या भागात तीनच. एक मी, एक दादा, एक तो.

हवालदारसाहेबांनी गाडीचे पुस्तक मागितले. ते मी पिशवीत आणले होते, पण गेल्या कित्येक वर्षांत उघडलेले नव्हते. त्यांनी उघडून वाचले आणि मला विचारले, ही बाई कोण? मालक म्हणून वहिनीचे नाव आहे. दादाने अकरा वर्षांपूर्वी गाडी तिच्या नावावर केलेली आहे. मला कोणी सांगितले नव्हते. एका घरात राहतो, एका ताटलीतून खात नसलो म्हणून काय झाले, सांगायला हवे होते. मला राग आला.

साहेबांनी विचारले, या बाई कुठे आहेत? मी म्हणालो, बहिणीकडे. त्यांनी माझ्यासमोर तिच्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, इकडे कोणी आलेले नाही, येणार असेही काही कळवलेले नाही. साहेबांनी विचारले, बाईंना गाडी चालवता येते का? मी नाही म्हणणार होतो. मग आठवले की लग्नानंतर दादाने तिला हीच गाडी मैदानात शिकवली होती आणि मी मागे धावत होतो. परवानाही आहे. पुढे सव्वीस वर्षे ती शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला स्कूटरवरून गेली. हे मला माहीत नव्हते असे नाही. ते माझ्या डोक्यातच आले नाही. आम्ही सगळे दादावर पहारा करत होतो.

या ठिकाणी मी पाणी मागितले आणि मला पाणी देण्यात आले.

मघाशी मी दोन्ही टायर नवे होते असे सांगितले, ते खोटे आहे. पुढचा नवा आहे. मागचा जुना आहे. टायरचा जन्म त्याच्या अंगावर लिहिलेला असतो, चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मागचा टायर चौदा वर्षांचा आहे. तो मी धुऊन, काळे पॉलिश चोळून, आकड्यांची बाजू साखळीकडे करून बसवला, म्हणजे दादाला दिसू नये. आत पाच ठिगळांची ट्यूब घातली. नवा टायर माळ्यावर पोत्यांच्या मागे लपवला. माझा हिशेब असा होता की दादा माझी नजर चुकवून निघालाच, तर दहा-पंधरा किलोमीटरवर हवा जाईल, गाडी बसेल, मी जाऊन घेऊन येईन. गाडीचा मिस्त्री असून मी असा विचार केला. कुठे फुटायचे हे टायर आपल्याला विचारून ठरवत नाही, हे मला शिकाऊ असल्यापासून माहीत आहे. आता त्यावर डब्याचे वजन आहे आणि वर वहिनी बसलेली आहे. मी साहेबांना म्हणालो, चोरीचे राहू द्या, कुठेही दिसली तर तिला आधी थांबवा. हमरस्ता फाट्यावरूनच सुरू होतो, म्हणून तिथला नंबर मी सांगितला आणि फोन साहेबांनीच लावला.

फोन टायरवाल्याला लावला. वेळ आठ पंचवीस. त्याने सांगितले की बाई सव्वासातपासून दुकानात आहेत, गाडी उभी आहे, तुम्ही बोला. साहेबांनी फोनचा आवाज मोठा केला. वहिनी म्हणाली की पहाटे गाडी उतारावरून ढकलत नेली आणि कोपऱ्यावर जाऊन सुरू केली. डब्याच्या पकडी ती दहा दिवसांपासून मी बाजारात गेलो की गाडीखालच्या नळीवर एकेक करून बसवत होती, आज पहाटे डबा जॅकवर टेकवून शेवटचे दोन बोल्ट लावले. माळ्यावरचा नवा टायर डब्यात घातला. टायर रिमवर चढवायला तिच्या मनगटात जोर नाही, म्हणून सायकलच्या वेगाने फाट्यापर्यंत आली. आता मागे नवा टायर आहे, ट्यूबही नवी आहे.

मी म्हणालो, "वहिनी, तो जुना टायर मी मुद्दाम घातला होता."

ती म्हणाली, "माहीत आहे, भावजी. तुम्ही दोघे गाडीखाली आणि मी बॅटरीचा उजेड धरून उभी, अशी चाळीस वर्षं गेली. डोळे मिटून नव्हते उभी."

मी विचारले की मग मला सांगितलेस का नाही. मागे हवा भरायच्या यंत्राचा आवाज येत होता. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना अडवत होता. मला जायचंय का, हे विचारलंत कधी? ते मला ओळखतायत तोवर मला जायचंय. गाडी मी चालवणार, ते डब्यात बसणार. अकरापर्यंत त्यांना आंघोळ घालून तयार ठेवा."

यावर मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. साहेब म्हणतात की मी बरं एवढेच म्हणालो. तसे असेल तर तसे लिहावे.

माझी चोरीची तक्रार नाही. टायरवाल्यावर संशय नाही, त्याची मी माफी मागेन. तक्रार नसेल तर मी इथे कोण, फिर्यादी की गुन्हेगार, असे मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, मिस्त्री, आधी सही तर करा. मला अजून नीट काही कळत नाही. एवढेच कळते की मला भीती वाटते आहे. तीन दिवस जायला, तीन दिवस यायला, आणि परत येईल तेव्हा दादा कितपत दादा असेल.

नियमाप्रमाणे हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. बाहेरच्या बाकावर कंटाळला म्हणून दादाला त्या वेळी आत आणून माझ्या शेजारी बसवले होते. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे शांतपणे ऐकले. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता हवालदारसाहेबांना म्हणाला, "या माणसाचा त्याच्या भावावर फार जीव दिसतो. त्याला म्हणावं, आता जाऊ दे त्याला."

हे वाक्य माझे नाही, तरी माझ्या जबाबात घ्यावे अशी मी विनंती केली आणि ते घेण्यात आले. वरील मजकूर ऐकला, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, त्यातले एकही अक्षर कमी करू नये. सही करताना वेळ नऊ वाजून दहा मिनिटे. मला आता सोडावे, दादाला आंघोळ घालायची आहे.